शेजारच्या रेडिओवरची शिट्टी

मागच्या भागात आपण टीपीए 3116 या चिपचा अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड सुधारला होता. आवाज खुलला, मी खूश झालो. चार दिवसांनी शेजारच्या आजी दारात. "कर्नलसाहेब, तुमचं गाणं सुरू झालं की माझा रेडिओ किंचाळतो."

आजी दिवसभर पुणे आकाशवाणी लावतात, 792 किलोहर्ट्झ. डोळ्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे रेडिओ हाच त्यांचा सोबती. आणि मी आयुष्य सिग्नल्समध्ये काढलेला माणूस. लाज वाटली, म्हणून आजचा विषय हाच.

क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर आवाज सरळ वाढवत नाही. तो पुरवठ्याचा व्होल्टेज सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद करतो आणि पल्सची रुंदी आवाजाप्रमाणे कमी-जास्त करतो. या चिपचा नेहमीचा वेग 400 किलोहर्ट्झ. म्हणजे आपल्या घरात एक छोटा ट्रान्समीटरच बसला. तो तिथेच थांबावा म्हणून आउटपुटला कॉइल आणि कपॅसिटर असतात. 10 मायक्रोहेन्री आणि 0.68 मायक्रोफॅरड घेतले तर गाळणी साधारण 61 किलोहर्ट्झपासून पुढचं कापायला लागते. 400 वर तिची घट चाळीसएक पट. ऐकायला भरपूर वाटतं, पण 24 व्होल्टच्या पुरवठ्यावर प्रत्येक वायरीवर तरीही जवळपास पाव-तृतीयांश व्होल्ट उरतो. कंपनीच्या बोर्डवर वायरी लहान असतात, म्हणून ते खपून जातं.

आता मी काय केलं होतं? झाकलेल्या फेराइट कॉइल काढून हवेच्या मोठ्या कॉइल घातल्या, कारण "आवाज मोकळा येतो" असं कुणीतरी सांगितलं. फेराइट कॉइलचं चुंबकीय क्षेत्र गाभ्यात आणि कवचात राहतं, हवेच्या कॉइलचं खोलीभर पसरतं. चिपजवळचे छोटे सिरॅमिक कपॅसिटर काढून लांब पायांचे मोठे इलेक्ट्रोलिटिक लावले. आणि स्पीकरच्या दोन तारा भिंतीच्या दोन कडांनी वेगवेगळ्या नेल्या. तिन्ही चुका माझ्याच.

लांब पाय म्हणजे नेमकं काय बिघडतं ते बघा. तारेचा दर मिलिमीटर ढोबळमानाने एक नॅनोहेन्री. 25 मिलिमीटर पाय म्हणजे 25 नॅनोहेन्री. 2 अ‍ॅम्पिअर प्रवाह 10 नॅनोसेकंदांत बदलला की त्या पायावरच 5 व्होल्टचा झटका बसतो. तो झटका पुरवठ्याच्या वायरीवरून थेट बाहेर निघतो. कपॅसिटर मोठा असून उपयोग नाही, तो चिपला चिकटलेला हवा.

शोध कसा घ्यायचा? महागडं यंत्र नको, बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर रेडिओच पुरे. त्यातला फेराइट रॉड दिशा दाखवतो. आधी अ‍ॅम्प्लिफायरचा स्विचिंग पुरवठा काढून फ्यूज लावलेल्या 12 व्होल्ट बॅटरीवर चालवा. आवाज तिथेच गेला, तर दोष पुरवठ्याचा. माझा नव्हता. मग रेडिओ वायरींजवळून, कॉइलींजवळून फिरवा. आणि एक प्रश्न विचारा: त्रास शांततेतही आहे, की गाणं सुरू झाल्यावर?

हा फरक महत्त्वाचा आहे. शांततेत पल्स अर्ध्या-अर्ध्या रुंदीचे असतात, त्यात 400 ची तिसरी पट म्हणजे 1200 असते, दुसरी पट 800 जवळजवळ नसते. या चिपमध्ये दोन्ही आउटपुट तेव्हा एकत्रच वर-खाली होतात, म्हणून दोन्ही तारा मिळून एकच अँटेना बनते. गाणं लागलं की रुंदी बदलते आणि 800 जागी होते, पण ती दोन तारांवर उलट-सुलट येते. 792 च्या शेजारी 8 किलोहर्ट्झवर शिट्टी, तीही तबल्याच्या ठेक्यावर! आजींचं किंचाळणं हेच.

म्हणून उपायही दोन. 800 साठी दोन्ही तारा जवळ आणून पिळायच्या. विरुद्ध प्रवाह एकमेकांना खोडतात. 1200 साठी पिळून भागत नाही, तिथे फेराइटच्या रिंगमधून दोन्ही तारा एकत्र गुंडाळायच्या. एक फेरा मध्यम लहरींवर फारसं काही करत नाही; पाच फेरे घेतले की परिणाम पंचवीस पटींनी वाढतो. मात्र जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग घेऊ नका, ती लोखंडी पावडरची असते आणि इथे कामाची नाही. आणि स्पीकरची कोणतीही तार कधीही ग्राउंडला जोडू नका. दोन्ही तारा चालत्या असतात, चिप जाईल.

मी जुन्या फेराइट कॉइल परत बसवल्या, सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या पिनांलगत आणले, बोर्ड धातूच्या डब्यात घातला. नव्वद टक्के काम तिथेच झालं. उरलेल्यासाठी चिपचीच सोय वापरली. तिच्या तीन पिनांवर व्होल्टेज ठरवून वेग 400, 500, 600, 1000 किंवा 1200 करता येतो, मध्यम लहरी टाळण्यासाठीच ती सोय आहे. स्वस्त बोर्डावर त्या पिना ग्राउंडला चिकटवलेल्या असतात, सोडवायला बारीक सोल्डरिंग लागतं; हात स्थिर नसेल तर करू नका. मी 500 निवडला. पटी 1000 आणि 1500 वर गेल्या, 792 मोकळं झालं. मुंबईच्या विविध भारतीचं 1188 सुद्धा सुटलं. पण कोलकात्यातल्या मंडळींनी हे करू नका. तिथे आकाशवाणी 1008 वर आहे, 1000 तुमच्या शेजारीच येईल. तुमच्या गावाची स्टेशनं कागदावर लिहा, मग वेग निवडा.

संध्याकाळी आजींच्या खोलीत जाऊन बसलो आणि मुलाला इकडून गाणं लावायला सांगितलं. 792 वर बातम्या स्वच्छ होत्या. सुई 1000 वर नेली तर बारीक शिट्टी अजून ऐकू येते. आजींना सांगितलं, तर म्हणाल्या, तिथे मी काही ऐकत नाही.