ग्रबमधलं 'एलिव्हेटर' आता काढून टाका
एसएसडी बसवली की ग्रबमध्ये 'एलिव्हेटर=नूप' टाका, हा सल्ला अजून फिरतोय. पण २०१९ च्या लिनक्स ५.० मध्ये डिस्कची जुनी रांग-पद्धतच काढली, तेव्हापासून हा पर्याय काहीच करत नाही. पुढे कर्नलच्या बूट पर्यायांच्या यादीतूनही तो गेला. बरंच झालं! यादीत नाव दिसलं की गिऱ्हाईकाचा बिलिंगचा पीसी हळू का, हे शोधताना आपण तिथेच वेळ घालवतो. पीसी नीट चालू होतो, स्क्रीनवर तक्रार नाही. इशारा फक्त लॉगमध्ये. उबुंटूत तो शब्द काढल्यावर अपडेट-ग्रब चालवा. शेड्युलर आता प्रत्येक डिस्कचा वेगळा ठरतो. एनव्हीएमईला सहसा 'नन' असतो, तो राहू द्या. बदललात तर रीबूटनंतर टिकायला यूडेव्हचा नियम लिहावा लागतो.