त्रिमितीतील देवनागरी : अक्षरजुळणीचा प्रश्न

लिपी आणि यंत्र यांच्या संघर्षाला मराठीत जुना इतिहास आहे. मुद्रण सुलभ व्हावे म्हणून वि. दा. सावरकरांनी 'अ'च्या बाराखडीचा पुरस्कार केला. १९५३ च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व इकार अक्षराच्या उजवीकडे लिहिण्याची सूचना केली. ती टिकली नाही. या प्रयत्नांमागील गृहीत एकच होते : यंत्र बदलत नाही, म्हणून लिपीने बदलावे. चित्रपटांची शीर्षके, नामफलक इत्यादींसाठी घनाकृती अक्षरे घडविणाऱ्या त्रिमितीय सॉफ्टवेअरच्या संदर्भात या गृहीताचा पुनर्विचार आवश्यक ठरतो.

अशा सॉफ्टवेअरची रचना प्रायः रोमन लिपी समोर ठेवून झाली. एक संकेतांक म्हणजे एक आकृती, आणि आकृत्या ओळीने मांडल्या की शब्द सिद्ध झाला, अशी ही कल्पना होय. देवनागरीत 'स्त्री' या एका अक्षरासाठी युनिकोडमध्ये सहा संकेतांक लागतात. ऱ्हस्व इकार साठविला जातो व्यंजनानंतर, परंतु दिसावा लागतो व्यंजनापूर्वी. ब्लेंडरसारख्या प्रणालीतही दीर्घकाळ ही जुळणी होत नसे. परिणामी जोडाक्षरे फुटत आणि इकार पुढील अक्षरावर जाऊन बसे.

छापखान्यात जुळारी जे काम करीत असे, ते येथे आकृती उभारण्यापूर्वीच व्हावयास हवे. १९९६ मध्ये घोषित झालेल्या ओपनटाइप पद्धतीत जुळणीचे नियम फाँटमध्येच अंतर्भूत असतात. हार्फबझसारखे मुक्त सॉफ्टवेअर ते वाचून योग्य आकृत्या निवडते. हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नव्हे. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद 'र'च्या रूपावरच अवलंबून आहे. तो पुसला गेल्यास गुरू आणि स्वयंपाकी एक होतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणेही, फाँटमध्ये तशी सोय असल्यास, भाषेचा निर्देश केल्यावरच उपलब्ध होतात.

तथापि जुळणी साधली तरी त्रिमितीच्या स्वतंत्र अडचणी उरतात. कागदावर शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढल्या तरी शाई ते झाकून टाकते. घनाकृतीत मात्र प्रत्येक अक्षराला वेगळी जाडी दिल्यास सांध्यात आतल्या भिंती राहतात आणि कडांना उतार देताना शिरोरेषेवर खाचा उमटतात. यास्तव आधी बाह्यरेषांचा संयोग करून संपूर्ण शब्दाची एकच आकृती सिद्ध करावी आणि मगच तिला जाडी द्यावी, हा क्रम अपरिहार्य ठरतो. अक्षरांतील अंतर वाढविणे ही रोमन लिपीत साधी सोय आहे. देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. तेथे अंतराबरोबर शिरोरेषाही लांबवावी लागते. तसेच अक्षरे एकेक करून हलवावयाची असल्यास एकक संकेतांक नसावा, मात्रांसह संपूर्ण अक्षर असावे. अन्यथा मात्रा एकीकडे आणि व्यंजन दुसरीकडे जाते.

यांपैकी कोणतीही अपेक्षा असाध्य नाही. ब्लेंडरची मूळ संहिता २००२ पासून सर्वांस खुली आहे. परंतु कोणते रूप शुद्ध आणि कोणते केवळ चालवून घेतलेले, हे प्रोग्रामरला सांगण्यासाठी लिपीचा अभ्यासक लागतो. खिळ्यांच्या काळात लिपीकडून तडजोडीची अपेक्षा केली गेली, कारण धातू लवत नव्हता. सॉफ्टवेअरला ती सबब उपलब्ध नाही.