बायपासच्या कलमातील औषधी स्टेंट : एक मागोवा

क्लीव्हलँड येथे 1967 साली रेने फाव्हालोरो यांनी पायातील शीर काढून ती हृदयाच्या रोगग्रस्त धमनीला पर्यायी मार्ग म्हणून वापरली आणि बायपास शस्त्रक्रिया रुळू लागली. मात्र या शिरेचे आयुष्य मर्यादित असते, हे पुढील दोन दशकांत स्पष्ट झाले. शिरेची भिंत कमी दाबाच्या रक्तप्रवाहासाठी घडलेली असल्यामुळे धमनीच्या दाबाखाली तिचे अस्तर जाड होत जाते, त्यावर ठिसूळ मेदयुक्त थर साचतात, आणि साधारण दहा वर्षांत अशा कलमांपैकी जवळजवळ निम्मी निकामी होतात.

दुसऱ्यांदा छाती उघडणे जोखमीचे असल्याने कलमात स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी धातूची बारीक जाळी, बसवण्याकडे कल वाढला. परंतु 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, नुसत्या फुग्याने रुंद केलेल्या कलमांपैकी 46 टक्के, तर स्टेंट बसवलेल्यांपैकी 37 टक्के पुन्हा अरुंद झाली, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर निर्णायक ठरला नाही. जाळीवरून सिरोलिमस किंवा पॅक्लिटॅक्सेल हे पेशींची वाढ रोखणारे औषध हळूहळू पाझरवणारे स्टेंट अमेरिकेत 2003 व 2004 साली मान्य झाले, तेव्हा हा प्रश्न संपल्यासारखे वाटले.

ते तसे नव्हते. रॉटरडॅम येथील हृदयरोगतज्ज्ञांनी 2004 सालीच सिरोलिमसच्या स्टेंटची जाळी तुटून तेथेच वाहिनी पुन्हा अरुंद झाल्याची नोंद केली. साध्या स्टेंटमध्ये ऊती सर्वत्र वाढत असल्याने अशी मोड नजरेतून सुटत असावी. औषधी स्टेंटमध्ये मात्र एकाच ठिकाणची वाढ उठून दिसते. कलमाचे एक टोक महाधमनीला आणि दुसरे सतत हलणाऱ्या हृदयाच्या पृष्ठभागावर जोडलेले असते, म्हणून वळणाच्या जागी प्रत्येक ठोक्याला धातू वाकतो. दिवसाला सुमारे एक लाख ठोके पडत असता, एकावर एक चढवलेल्या स्टेंटांचा ताठ भाग जेथे लवचिक भिंतीला मिळतो तेथे ताण एकवटतो, आणि तारा तुटून फट पडली की त्या जागी औषधही पोहोचत नाही व आधारही उरत नाही. रेणू विरमाणी यांच्या गटाने 2009 साली शवविच्छेदनातून तपासलेल्या 177 जागांपैकी 29 टक्क्यांमध्ये मोड आढळली. हा आकडा जिवंत रुग्णांच्या चित्रणात दिसणाऱ्या प्रमाणाहून कितीतरी मोठा होता, मात्र दुष्परिणाम प्रामुख्याने जाळी पूर्ण तुटून दोन तुकडे दूर झालेल्या गंभीर प्रकारात दिसले.

मोठ्या चाचण्यांचा निष्कर्ष औषधाबद्दलची अपेक्षा आणखी खाली आणणारा आहे. जर्मनीतील 610 रुग्णांच्या चाचणीत औषधी स्टेंटचा पहिल्या वर्षी दिसलेला फायदा पाच वर्षांनी उरला नाही, आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील माजी सैनिकांवरील चाचणीत वर्षभराच्या अखेरीसही फरक आढळला नाही. दोष केवळ जाळीचा नसून ती ज्या शिरेत बसते तिच्या रोगाचाही आहे. म्हणूनच शक्य तेथे कलमाऐवजी मूळ धमनीच पुन्हा मोकळी करण्याचा प्रयत्न आधी केला जातो.