भाकरीची प्रथिने आणि बदनापूरची तूर

ज्वारी बरी, गहू बरा की नाचणी, हा वाद हल्ली घराघरात रंगतो आणि बहुतेकदा प्रथिनांच्या आकड्यावर येऊन थांबतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते पाहिले, तर दर 100 ग्रॅम धान्यामागे बाजरीत सुमारे 11 ग्रॅम प्रथिने, गव्हात साडेदहा, ज्वारीत 10, मक्यात 9, तांदळात 8 आणि नाचणीत 7. नाचणीचे खरे मोल कॅल्शियममध्ये आहे. प्रथिनांसाठी तिची शिफारस करणे चूक. भात मात्र उगाच बदनाम होतो. शिजताना तांदूळ भरपूर पाणी पितो, म्हणून 100 ग्रॅम भातात प्रथिने जेमतेम अडीच ग्रॅम दिसतात. तुलना कोरड्या धान्याची केली तर भात आणि भाकरी यांच्यात फार अंतर उरत नाही.

खरा प्रश्न त्या प्रथिनांच्या प्रतीचा आहे. शरीराला स्वतः बनवता न येणारे लायसिन हे अमिनो आम्ल सगळ्याच धान्यांत कमी असते आणि ज्वारीत फारच कमी. प्रौढ माणसाला 100 ग्रॅम प्रथिनांमागे साडेचार ग्रॅम लायसिन हवे. ज्वारीच्या प्रथिनांत ते सव्वादोनच्या आसपास भरते. शिवाय पाण्यात शिजवल्यावर ज्वारीतली काही प्रथिने पचायला जड होतात. ‘आमचे वाडवडील भाकरीवरच तर राबले,’ असे यावर हमखास ऐकू येते. पण हिशेब करून पाहावा. 60 किलो वजनाच्या माणसाने दिवसाला अर्धा किलो पिठाच्या भाकरी खाल्ल्या, तर 50 ग्रॅम प्रथिने मिळून त्याची गरज कागदावर पुरी होते. लायसिन मात्र निम्म्याच्या आसपासच राहते. ते राबले, कारण भाकरीसोबत पिठलं होतं, मटकी होती, तुरीचं वरण होतं.

म्हणूनच जालना जिल्ह्यातल्या बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र मला महत्त्वाचे वाटते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या या केंद्राने मर आणि वांझ रोगांना दाद न देणारी, पाच महिन्यांच्या आसपास हाती येणारी बीडीएन 711 ही पांढऱ्या दाण्याची तूर दिली. पाऊस लवकर आटोपणाऱ्या मराठवाड्यात असे वाण शेतकऱ्याचे पीक वाचवते आणि त्याच्या घरातले वरणही. तूरडाळीत सुमारे 22 टक्के प्रथिने असतात आणि त्यांत लायसिन ज्वारीच्या तिप्पट. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठाला 30 ग्रॅम डाळीची जोड दिली, की त्या मूठभर डाळीतून भाकरीच्या जवळजवळ दुप्पट लायसिन येते. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, हे पोषणतज्ज्ञांचे प्रमाण अशा हिशेबावरच उभे आहे.

डाळ महाग आहे, ही तक्रार खरी आहे, आणि तिची झळ गरिबाच्याच ताटाला बसते. भाव चढला की वरणात पाणी वाढते. वाटी तेवढीच दिसते, डाळ मात्र निम्मी झालेली असते. अशा वेळी तुरीचाच हट्ट कशाला? हरभऱ्याच्या डाळीतही प्रथिने तेवढीच असतात, लायसिनही भरपूर, आणि तीन-चार चमचे बेसनाचे घट्ट पिठलं दोन भाकरींना पुरते.