'बसण्या'चे लोण

"काय मग, आज बसायचं का?" कर्जतच्या एस. टी. स्टँडवर हा प्रश्न कानी पडला तर आता कोणी मान वर करून पाहतही नाही. आमच्या लहानपणी बसायचे म्हणजे वर्षावासात विहारातल्या सतरंजीवर बसायचे. कोणीतरी शिकलेला पोरगा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मोठ्याने वाचायचा आणि दिवसभर खुरपून आलेल्या आया डोळ्यांवरची झोप आवरत ऐकायच्या. त्याच शब्दाला आता क्वार्टर आणि चकणा चिकटला आहे.

हे लोण पुण्यातून आले, असे गावातली जाणती माणसे म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. आमचा तालुका दुष्काळी. दादा पाटील महाविद्यालयातून पदवी घेतली की पोरगा पुण्याची एस. टी. धरतो. कोणी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत खुर्ची भाड्याने घेतो, कोणी चाकणच्या कारखान्यात कंत्राटावर लागतो. एका खोलीत सहाजण. परीक्षा झाली म्हणून पार्टी, परीक्षा पुढे ढकलली म्हणूनही पार्टी! सक्ती कोणी करीत नाही. फक्त नाही म्हणणारा 'गावठी' ठरतो.

आपल्या समाजातल्या अशाच एका मुलाला आम्ही विचारले, बाबा रे, तुझ्या घरात तर तीन पिढ्या कोणी थेंब घेतला नाही, मग तुला ही सवय कशी लागली? तो म्हणाला, "हातात ग्लास असला की कोणी आडनाव विचारत नाही." त्याचे हे बोलणे आमच्या डोक्यातून अजून जात नाही. ज्या समतेसाठी बाबासाहेबांनी आयुष्य झिजवले, ती आमच्या पोराला बाटलीच्या बुडाशी शोधावी लागते. आणि तिथे तरी ती सापडते का? खोली बदलायची वेळ आली तेव्हा नव्या घरमालकाने त्याला पहिला प्रश्न आडनावाचाच विचारला. रात्री सोबत बसणारे मित्र त्या वेळी बरोबर नव्हते.

पिण्यातही जात आणि वर्ग आहेच. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाने चालवलेल्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. त्याआधी तो मुलगा मद्यालयात बसला होता. पहिल्याच दिवशी त्याला जामीन मिळाला आणि अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. आता आमच्या जिल्ह्याकडे या. फेब्रुवारी २०१७ मध्ये जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत नगर तालुक्यातल्या पांगरमलला मतदारांसाठी जेवणावळ झाली, दारू वाटली गेली आणि त्या विषारी दारूने नऊ जणांचा बळी घेतला. तपासात निघाले काय, तर ही बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कँटीनमध्ये तयार होत होती! जिथे माणूस जगवायचा तिथेच विषाची भट्टी. शहरातल्या पबवर महिनाभर चर्चा झडली. पांगरमल आज किती जणांना आठवते?

म्हणून 'शहराने खेडे बिघडवले' हे आम्हाला पुरते पटत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील पुरुषांत पिणाऱ्यांचे प्रमाण देशभरात शहरात १६.५ टक्के आणि खेड्यात १९.९ टक्के निघाले. खेड्याला सोज्वळ समजण्याची चूक बाबासाहेबांनी कधी केली नाही, आपणही करू नये.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात दारूसाठी वय पंचवीस पूर्ण हवे, सौम्य बिअरसाठी एकवीस. शिवाय परवाना हवा. एक दिवसाचा परवाना विदेशीसाठी पाच रुपये, देशीसाठी दोन रुपये. हा कागद खिशात घेऊन बसलेला तरुण आम्ही तरी पाहिलेला नाही. गावातले दुकान बंद करायचे तर २००८ च्या आदेशाप्रमाणे बायांनी मतदान मागायचे. त्यात झालेल्या मतांपैकी निम्मी पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते लागतात. जी बाई कोयता घेऊन ऊसतोडीला गेली आहे, तिचे न पडलेले मत दुकानाच्या बाजूने जाते. आणि हातभट्टीला तर मतदानही लागू नाही.

सरकारचे हित कुठे आहे ते उघड आहे. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मद्यावरचे शुल्क वाढवले तेव्हा तिजोरीत वर्षाला सुमारे १४ हजार कोटींची भर अपेक्षित धरली. इथे आम्हाला १९२७ सालचे मुंबई विधिमंडळ आठवते. त्या मार्च महिन्यात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना बाबासाहेबांनी हिशेब मांडला होता की, इलाख्यात माणशी शिक्षणावर खर्च चौदा आणे आणि अबकारीतून माणशी वसुली दोन रुपयांच्या वर. निदान दारूतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. पुढे १९३८ साली काँग्रेस सरकारने दारूबंदी हाती घेतली तेव्हाही शिक्षणाला पैसा नसताना हा खर्च कशाला, असे त्यांनी विचारले. स्वतः निर्व्यसनी असलेला, धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा घालणारा हा महापुरुष सरकारी दारूबंदीवर विसंबून नव्हता. त्यांचा भर माणूस शिकण्यावर होता. महात्मा फुल्यांनीही १८८० मध्ये पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना नव्या दारूदुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. हा वारसा आपला आहे, उसना नाही.

पण बोट फक्त सरकारकडे दाखवून आमची सुटका होत नाही. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेच्या मागे काय चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी त्रिशरण-पंचशील, संध्याकाळी पाचव्या शीलाचा मिरवणुकीतच निकाल! हे लिहिले की काही कार्यकर्ते रागावतात, समाजाची बदनामी करता म्हणतात. रागावू द्या.

आमच्या वस्तीत जयंतीची बैठक झाली तेव्हा बायांनी हाच विषय काढला. डीजेच्या पैशांत विहाराशेजारच्या खोलीत अभ्यासिका करा, म्हणजे पोरांना खुर्चीच्या भाड्यासाठी पुण्याला पळायला नको, असे त्यांचे म्हणणे. पोरे म्हणाली, इथे पुस्तके कोण आणणार, शिकवणार कोण? प्रश्न खोटा नव्हता. पुण्याहून सुट्टीला आलेला तो ग्लासवाला मुलगा मागे भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, माझी जुनी पुस्तके मी आणतो. एवढे बोलून तो बाहेर निघून गेला. डीजेचा विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे. वर्गणीची वही मात्र या वर्षी महिला मंडळाकडे ठेवायचे ठरले.