आरोग्यविम्यातील प्रतिकूल औषधश्रेणी
एखाद्या रोगावरील सर्व किंवा बहुतेक औषधे विमा कंपनीने औषधसूचीतील सर्वांत महाग श्रेणीत घालणे म्हणजे प्रतिकूल श्रेणीकरण होय. एचआयव्हीबाधितांच्या संदर्भात ही प्रथा विशेष चर्चिली गेली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत २०१० च्या कायद्याने २०१४ पासून आजारामुळे व्यक्तीस विमा नाकारण्यास व जादा हप्ता आकारण्यास मनाई झाली. मात्र हप्ता सारखा असल्यास खर्चिक रुग्ण कंपनीस तोट्याचा ठरतो व त्यास अप्रत्यक्षपणे परावृत्त करण्यास औषधश्रेणी उपयोगी पडते. खालच्या श्रेणीत विमेदार ठराविक अल्प रक्कम देतो. वरच्या श्रेणीत त्यास किंमतीचा मोठा हिस्सा भरावा लागतो.

मे २०१४ मध्ये दोन संस्थांनी फ्लॉरिडातील चार कंपन्यांविरुद्ध केंद्रीय आरोग्य खात्याकडे तक्रार केली. स्वस्त जेनेरिक औषधेही महाग श्रेणीत होती, हा तीतील कळीचा मुद्दा होय. २०१५ मध्ये जेकब्स व सॉमर्स यांनी १२ राज्यांतील ४८ योजनांची पाहणी प्रसिद्ध केली. एचआयव्हीवरील एका प्रमुख औषधगटाबाबत १२ योजनांत ही प्रथा आढळली. तेथे विमेदाराचा दर औषधामागील वार्षिक खर्च सरासरी ४,८९२ डॉलर, तर इतरत्र १,६१५ डॉलर होता.

ही औषधे आजन्म, नियमित घ्यावी लागतात. खंड पडल्यास विषाणू पुन्हा वाढतो व औषधांस दाद न देणारे प्रकार उद्भवू शकतात. याउलट, रक्तातील विषाणू पूर्णतः दबल्यास लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही. त्यामुळे कंपनीची बचत समाजास महाग पडते. २०२२ च्या केंद्रीय नियमांत अशी श्रेणीरचना सकृद्दर्शनी भेदभावाची मानली आहे.