न विचारता केलेली दुरुस्ती : बिल कोणी भरायचे?

मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंग आता नवलाई राहिलेले नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे. गोव्याजवळचे ग्रँड आयलंड, कर्नाटकातील नेत्राणी आणि अंदमानातील स्वराज द्वीप येथेही मराठी पर्यटक मोठ्या हौसेने पाण्याखाली उतरतात. यातील बहुतेक जण साहित्य भाड्याने घेतात. परंतु ज्यांना या छंदाची खरी गोडी लागते, ते हळूहळू स्वतःचे साहित्य जमवू लागतात. प्रथम मुखवटा आणि पायातील फिन्स, मग रेग्युलेटर, हवा भरण्याचे जाकीट म्हणजे ‘बीसीडी’ आणि मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. साहित्य स्वतःचे झाले की त्याची नियमित सर्व्हिसिंग आली आणि सर्व्हिसिंगबरोबर बिलाचे वादही आले.

या वादाचे स्वरूप बहुधा एकच असते. समजा, पुण्यातील एका ग्राहकाने आपला रेग्युलेटर सर्व्हिसिंगसाठी मुंबईच्या दुकानात कुरिअरने पाठवला. खर्च साधारण सहा हजार रुपये येईल, असे फोनवर ठरले. तीन आठवड्यांनी दुकानाकडून निरोप आला : साहित्य तयार आहे, बिल साडेसतरा हजार. आतला एक भाग खराब निघाला, एक होज बदलला, जाकिटाचा इन्फ्लेटरही सोबत होता म्हणून तोही दुरुस्त केला. पैसे भरल्याखेरीज साहित्य मिळणार नाही. ग्राहकाने ‘मला का विचारले नाही?’ असे विचारताच उत्तर तयार असते : ‘साहेब, हा तुमच्या जिवाचा प्रश्न आहे.’

हे उत्तर वरकरणी बिनतोड वाटते. म्हणूनच ते नीट तपासून पाहणे आवश्यक आहे.

कारागिराची बाजू

रेग्युलेटर हे या साहित्याचे हृदय होय. भरलेल्या सिलिंडरमध्ये हवेचा दाब सुमारे २०० बार असतो. सिलिंडरला जोडलेली ‘फर्स्ट स्टेज’ तो दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण आठ ते दहा बारने अधिक राहील इतका खाली आणते. तोंडात धरलेली ‘सेकंड स्टेज’ तो भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतका करून श्वासाला हवा देते. दर दहा मीटर खोलीला दाब एका बारने वाढतो. या सगळ्या कामाचा भार काही रबरी ओ-रिंग, एखादा पातळ पडदा, स्प्रिंग आणि झडपेची बैठक यांच्यावर असतो. खाऱ्या पाण्याने धातूवर हिरवट गंज चढतो, मिठाचे कण साचतात, रबर कडक होते. म्हणूनच बहुतेक उत्पादक एक ते दोन वर्षांनी, किंवा ठराविक डाइव्ह झाल्यावर, सर्व्हिसिंग करण्यास सांगतात.

यात कारागिराची एक खरी अडचण आहे. रेग्युलेटर उघडल्याशिवाय आतील दोष दिसत नाही आणि एकदा उघडल्यावर जुन्याच ओ-रिंग घालून तो पुन्हा बंद करणे योग्य नसते. सर्व्हिस किटमधील रिंग आणि बैठका बदलणे हा सर्व्हिसिंगचाच भाग असतो. त्यासाठी प्रत्येक वेळी स्वतंत्र परवानगी मागावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. शिवाय आपल्या हातून गेलेले उपकरण पाण्याखाली बंद पडले, तर जबाबदारी आपल्यावर येईल, ही भीतीही अवास्तव नाही.

परंतु या भीतीतून कारागिराला मिळणारा अधिकार नेमका कोणता? सदोष उपकरण ‘वापरण्यायोग्य’ म्हणून परत देण्यास नकार देण्याचा अधिकार त्याला निश्चितच आहे. त्याने दोष लेखी कळवावा, उपकरणाला ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी बांधावी, अर्धवट काम करण्याचे नाकारावे. हे सारे करूनही त्याची जबाबदारी सांभाळली जाते. दुसऱ्याच्या वस्तूवर, त्याला न विचारता, त्याच्या खर्चाने काम करण्याचा अधिकार मात्र सुरक्षिततेच्या नावाखाली निर्माण होत नाही. रेग्युलेटर कारागिराच्या टेबलावर पडून असताना कोणाचाही जीव धोक्यात नसतो. एक फोन करण्याइतका वेळ नेहमीच असतो.

सिलिंडरच्या बाबतीत नियम अधिक कडक आहेत. मुदतीत चाचणी न झालेला सिलिंडर भरता येत नाही आणि ही चाचणी मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावी लागते. त्यासंबंधीचे २०१६ चे गॅस सिलिंडर नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. परंतु येथेही दुकानदाराचे कर्तव्य ‘भरणार नाही’ असे सांगण्यापुरतेच आहे. चाचणी करून घ्यायची की सिलिंडर मोडीत काढायचा, हे मालकाने ठरवायचे असते.

कायदा काय सांगतो?

दुरुस्तीसाठी वस्तू देणे याला कायद्याच्या भाषेत ‘निक्षेप’ म्हणतात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ नुसार ठराविक हेतूसाठी वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन करायची आणि हेतू पूर्ण झाल्यावर ती परत घ्यायची, असा हा व्यवहार असतो. ‘ठराविक हेतू’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. सर्व्हिसिंगसाठी दिलेली वस्तू म्हणजे वाटेल त्या दुरुस्तीची मोकळीक नव्हे.

दुकानदाराचा पहिला आधार असतो कलम ७०. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर मोबदला द्यावा लागतो, असे हे कलम सांगते. मात्र त्याची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ‘पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल अँड सन्स’ या खटल्यात स्पष्ट केली. न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिलेल्या त्या निकालपत्रात कंत्राटदाराला पैसे मिळाले, कारण अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून केलेले बांधकाम सरकारने स्वीकारून वापरले होते. परंतु केलेले काम स्वीकारायचे की नाकारायचे, हा पर्याय दुसऱ्या पक्षाला असतो आणि त्याने ते नाकारले तर कलम ७० लागू होत नाही, हेही न्यायालयाने सांगून ठेवले.

१८५६ सालच्या एका इंग्रजी खटल्यात न्यायाधीश पोलॉक यांनी याच मुद्द्यावर बुटांचे उदाहरण दिले होते : न सांगता कोणी माझे बूट साफ करून ठेवले, तर ते पायात घालण्यावाचून मी दुसरे काय करणार? बूट घातले म्हणून मी पॉलिशचे पैसे कबूल केले, असे होत नाही. ग्राहकाने यातून घ्यायचा बोध दुहेरी आहे. न विचारता बसवलेला भाग काढून घ्या, असे त्याने ताबडतोब आणि लेखी कळवावे. मात्र काहीही न बोलता तो भाग बसवलेला रेग्युलेटर वर्षभर वापरला आणि मग वाद उकरून काढला, तर त्याची बाजू दुबळी होते. भाग काढून घेतल्यावर उपकरण पाण्यात नेण्याजोगे राहणार नाही, हेही त्याने ध्यानात ठेवावे. पैशाचा वाद जिंकण्यासाठी सदोष रेग्युलेटर घेऊन समुद्रात उतरणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल.

दुसरा प्रश्न साहित्य अडवून ठेवण्याचा. कलम १७० नुसार कारागिराला मोबदला मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेता येते. यालाच धारणाधिकार म्हणतात. हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या आणि कोट शिवणारा शिंपी ही त्या कलमातीलच उदाहरणे होत. पण हा अधिकार ज्या हेतूसाठी वस्तू दिली, त्याला अनुसरून केलेल्या कामापुरताच आहे. आपल्या उदाहरणात ठरलेल्या सहा हजारांसाठी दुकानदार रेग्युलेटर ठेवून घेऊ शकतो. न सांगितलेल्या साडेअकरा हजारांसाठी त्याला या कलमाचा आधार मिळणे कठीण.

मग पुढच्याच आठवड्यात सहल ठरलेली असेल तर काय करावे? येथे कलम ७२ उपयोगी पडते. चुकीने किंवा दडपणाखाली दिलेले पैसे परत करावे लागतात, असे ते सांगते. त्यातील उदाहरण तर जणू याच प्रसंगासाठी लिहिलेले वाटते : बेकायदा जादा आकार भरल्याशिवाय रेल्वे कंपनी माल सोडत नाही, मालधनी तो सोडवून घेण्यासाठी पैसे भरतो, जादा रक्कम परत मिळवण्याचा त्याला हक्क आहे. म्हणजेच पैसे भरून साहित्य ताब्यात घेतले, तरी हक्क संपत नाही. मात्र पैसे भरतानाच ‘ही रक्कम हरकत नोंदवून भरत आहे’ असे बिलाच्या प्रतीवर किंवा ई-मेलने कळवायला विसरू नये.

आयोगाकडे कधी जावे?

ग्राहक चळवळीची पायवाट महाराष्ट्रानेच घातली. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. त्यानंतर बारा वर्षांनी देशाला पहिला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्हींविरुद्ध त्याखाली दाद मागता येते. बिल किंवा पावती न देणे हीसुद्धा या कायद्याने अनुचित प्रथा ठरवली आहे.

या कायद्यातील सर्वांत मोठी सोय म्हणजे ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. पुण्याच्या ग्राहकाला मुंबईला खेटे घालण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही; वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. त्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. आयोगाकडील तक्रार ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. मात्र व्यापारी हेतूने घेतलेली सेवा या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. त्यामुळे पर्यटकांना साहित्य भाड्याने देणाऱ्या केंद्रचालकाला बहुधा करार कायद्याच्याच आधाराने दिवाणी मार्ग धरावा लागेल.

आयोगापुढे सारा खेळ पुराव्याचा असतो. बदललेला भाग खरोखर खराब होता का, हे तो भाग हाती असल्याशिवाय सिद्ध करता येत नाही. फोनवरील बोलणे दोघांनाही आपापल्या सोयीने आठवते. कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने मोटार दुरुस्तीसाठी लेखी अंदाजपत्रक आणि वाढीव कामासाठी ग्राहकाची संमती बंधनकारक केली. पाणबुड्यांच्या साहित्यासाठी आपल्याकडे असा खास नियम नाही. म्हणून तो नियम ग्राहकाने आणि दुकानदाराने आपसात लिहून ठेवणे, हाच खरा उपाय होय.

साहित्य देताना ध्यानात ठेवा

• प्रत्येक वस्तूची, तिच्या क्रमांकासह, यादी करून पोच घ्या. छायाचित्रे काढून ठेवा.

• मजुरी किती, सर्व्हिस किट किती आणि कर किती, हे वेगवेगळे लिहून घ्या. उत्पादकाच्या योजनेत सुटे भाग मोफत असतील, तर तेही नमूद करा. अशा योजनांत मजुरी बहुधा द्यावीच लागते.

• ‘इतक्या रकमेपुढील कोणतेही काम माझ्या लेखी संमतीशिवाय करू नये’ हे एक वाक्य अवश्य लिहा. मोबाइलवरील संदेशही पुरावा म्हणून उपयोगी पडतो.

• काम नाकारल्यास तपासणीचे किती पैसे लागतील, हे आधीच ठरवा. तपासणीचे श्रम फुकट मागणे न्यायाचे नव्हे.

• बदललेले जुने भाग परत मागा आणि चाचणीतील दाबाच्या नोंदी बिलासोबत घ्या.

यातील एकही गोष्ट दुकानदाराच्या विरोधात नाही. प्रामाणिक कारागिराला तर असा कागद ढालीसारखा उपयोगी पडतो. कारण ‘मी दोष कळवला होता, ग्राहकाने नकार दिला’ हे त्याला दाखवता येते. पाण्याखाली दोन पाणबुडे बोटांच्या खुणेने एकमेकांना ‘सर्व ठीक?’ असे विचारतात आणि उत्तर मिळाल्यावाचून पुढे जात नाहीत. हा शिष्टाचार दुकानातही पाळला गेला, तर अशा बहुतेक वादांना जागाच उरणार नाही.